जॉर्ज बर्डवुड

सर जॉर्ज ख्रिस्तोफर मोल्सवर्थ बर्डवुड (८ डिसेंबर, १८३२ - २८ जून, १९१७) हे ब्रिटिश भारतातील वैद्यक अधिकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ, संग्रहालय-संघटक आणि भारतीय हस्तकलांचे अभ्यासक होते. त्यांचा जन्म बेळगाव येथे झाला. मुंबईतील राणीची बाग आणि तेथील संग्रहालय (आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' (१८८०) हा त्यांचा ग्रंथ भारतीय कारागिरीवरील आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक मानला जातो. पर्शियन व भारतीय गालिच्यांचा इतिहास, त्यांच्या नक्षीचा अर्थ आणि एकोणिसाव्या शतकात या कलेला लागलेली उतरती कळा हे त्यांच्या लेखनाचे प्रमुख विषय होते. सरकारी तुरुंगांत होणाऱ्या गालिचे-उत्पादनावर त्यांनी सरकारी सेवेत असतानाच टीका केली. भारतात ललित कला नाही, या त्यांच्या मतामुळे मात्र १९१० मध्ये मोठा वाद निर्माण झाला.

== सुरुवातीचे जीवन ==

बर्डवुड यांचे वडील ख्रिस्तोफर बर्डवुड हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारी होते व पुढे जनरल पदापर्यंत पोहोचले. आई लिडिया या बेळगावातील लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक जोसेफ टेलर यांच्या कन्या होत्या. त्यांचे धाकटे बंधू हर्बर्ट मिल्स बर्डवुड हे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पहिल्या महायुद्धातील सेनानी फील्ड मार्शल विल्यम बर्डवुड हे हर्बर्ट यांचे पुत्र असून त्यांचा जन्म पुण्याजवळील खडकी येथे झाला.

जॉर्ज यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील प्लिमथ येथे झाले. एडिंबरा विद्यापीठातून त्यांनी १८५४ मध्ये वैद्यकशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळवली आणि त्याच वर्षी ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८५६-५७ मध्ये इंग्रज व इराण यांच्यात युद्ध झाले. त्यासाठी मुंबईहून इराणच्या आखातात फौज पाठवण्यात आली. या मोहिमेत बर्डवुड यांनी वैद्यक अधिकारी म्हणून काम केले. १८५६ मध्ये त्यांचा फ्रान्सेस ॲन टोलबर्ट यांच्याशी विवाह झाला.

== मुंबईतील कारकीर्द ==

इराणच्या मोहिमेवरून परतल्यावर बर्डवुड यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केले. वनस्पतिशास्त्र आणि औषधी द्रव्ये हे त्यांचे विषय होते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा व कृषी-उद्यानविद्या संस्था यांचे ते कार्यवाह होते. १८६४ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

=== संग्रहालय आणि राणीची बाग ===

मुंबई इलाख्यातील कच्चा माल व हस्तोद्योगाच्या वस्तू एकत्र मांडाव्यात, या हेतूने फोर्ट भागात सरकारी मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले होते. १८५७ च्या उठावाच्या काळात त्याची जागा लष्कराने ताब्यात घेतली आणि घाईने हलवताना संग्रहाची बरीच हानी झाली. त्यानंतर बर्डवुड यांची अभिरक्षक म्हणून नेमणूक झाली. उरलेल्या वस्तूंची जुळवाजुळव करून त्यांनी संग्रह नव्याने उभा केला. १८६२ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील आर्थिक उपयोगाच्या उत्पादनांची सूची प्रसिद्ध केली. तीत धान्ये, तेलबिया, डिंक, रंगद्रव्ये, धागे व औषधी यांची नोंद होती. पुढे गालिच्यांविषयी लिहिताना रंग आणि लोकर यांकडे त्यांनी जे बारकाईने पाहिले, त्याची पूर्वतयारी या कामात झाली.

संग्रहालयासाठी स्वतंत्र इमारत बांधण्याकरिता नागरिकांची समिती स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट हे तिचे अध्यक्ष होते, तर डॉ. भाऊ दाजी लाड आणि बर्डवुड हे संयुक्त कार्यवाह होते. भायखळा येथील व्हिक्टोरिया उद्यानात, म्हणजेच राणीच्या बागेत, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि १८६५ मध्ये मुंबईच्या बाजारात मोठी मंदी आली. वर्गणीचा ओघ आटल्याने बांधकाम रखडले. पुढे सरकारी मदतीने ते पूर्ण होऊन २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले, तेव्हा बर्डवुड इंग्लंडला परतलेले होते. १९७५ मध्ये या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

घारापुरी बेटावरील प्रसिद्ध दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो फुटला व त्याचे तुकडे बर्डवुड यांच्याच कारकिर्दीत राणीच्या बागेत आणण्यात आले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो संग्रहालयाच्या आवारात आहे.

=== वनस्पतिशास्त्र ===

ऊद व लोबान देणाऱ्या बॉस्वेलिया या वृक्षप्रजातीवर बर्डवुड यांनी संशोधन केले आणि त्यावरील निबंध १८७० मध्ये प्रसिद्ध केला. अरबस्तान व सोमाली किनाऱ्यावरील वृक्षांचे वर्णन करून त्यांनी एका जातीला मुंबईतील शल्यचिकित्सक हेन्री कार्टर यांचे, तर दुसरीला बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे त्यांच्या नावाचा संक्षेप आजही लिहिला जातो.

== लंडनमधील कार्य ==

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात बर्डवुड यांनी मुंबई सरकारचे विशेष आयुक्त म्हणून काम केले. प्रकृतीच्या कारणामुळे १८६८ मध्ये त्यांना भारत सोडावा लागला. १८७१ पासून ते लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये संख्याशास्त्र व व्यापार खात्याशी संबंधित कामावर होते आणि सुमारे तीन दशके तेथे राहिले. या काळात त्यांनी कंपनीच्या जुन्या कागदपत्रांची पाहणी करून अहवाल लिहिला. विल्यम फॉस्टर यांच्या सहकार्याने कंपनीच्या सुरुवातीच्या पत्रव्यवहाराचे संपादनही केले.

युरोपातील मोठ्या प्रदर्शनांच्या भारतीय विभागांची मांडणी हे त्यांच्याकडील आणखी एक काम होते. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका विशेष गाजली. प्रिन्स ऑफ वेल्सना १८७५-७६ च्या भारतभेटीत मिळालेले नजराणे या प्रदर्शनात मांडले होते. मार्गदर्शिकेत त्यांच्या वर्णनासोबतच भारतीय हस्तकलांची पद्धतशीर माहिती व त्यांच्या ऱ्हासाची कारणेही दिलेली होती. इंग्रज कवी, चित्रकार व वस्त्रकल्पक विल्यम मॉरिस यांनी १८७९ मधील आपल्या व्याख्यानात तिचा उल्लेख केला आणि भारतीय तुरुंगांतील स्वस्त गालिच्यांच्या उत्पादनावर टीका केली. मॉरिस व इतर कलावंतांनी त्याच वर्षी बर्डवुड यांना आभाराचे निवेदन पाठवले. हीच मार्गदर्शिका वाढवून साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या कला-ग्रंथमालेसाठी 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ तयार झाला.

== गालिच्यांविषयीचे लेखन ==

=== पार्श्वभूमी ===

पर्शियन पद्धतीचा गालिचा सतरंजीपेक्षा वेगळा असतो. सतरंजीत रंगीत बाणा ताण्यातून आडवा नेऊन सपाट वीण तयार होते. गालिच्यात उभ्या मागावर ताणलेल्या धाग्यांच्या प्रत्येक जोडीभोवती लोकरीच्या किंवा रेशमाच्या छोट्या तुकड्याची गाठ मारतात. एक ओळ पूर्ण झाली की बाणा घालून ती फणीसारख्या जड हत्याराने ठोकून घट्ट बसवतात. गाठींची मोकळी टोके कातरून सारखी केली की वर मऊ लव तयार होते. गाठीचे दोन मुख्य प्रकार आहेत. तुर्की गाठीत लोकरीचा तुकडा दोन्ही धाग्यांना वेढतो, तर पर्शियन गाठीत तो एकाला पूर्ण वेढून दुसऱ्याच्या मागून मोकळा बाहेर येतो. पर्शियन गाठीमुळे बारीक व वळणदार वेलबुट्टी काढणे सोपे जाते. मध्यभागी मोठे पदक व चारही बाजूंनी काठ, पाटांनी विभागलेली चौरस बाग, नमाजासाठी कमान आणि महाराष्ट्रात कोयरी म्हणून ओळखला जाणारा बुट्टा या त्यांतील परिचित रचना होत.

भारतात या कलेला मोगल काळात राजाश्रय मिळाला. अकबराने आग्रा, फतेहपूर व लाहोर येथे गालिच्यांचे कारखाने सुरू केल्याची नोंद 'आईने अकबरी'त आहे. दख्खनमध्ये वरंगळ, एलुरू व मच्छलीपट्टणम ही गालिच्यांची केंद्रे होती. विजापूरच्या आदिलशाहीतील आसार महालात सतराव्या शतकातील मौल्यवान गालिचे जपून ठेवलेले होते.

=== ऱ्हासाची मीमांसा ===

'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया'मधील गालिच्यांवरील प्रकरणात बर्डवुड यांनी काश्मीर, पंजाब, मिर्झापूर, वरंगळ, मच्छलीपट्टणम, मलबार अशा केंद्रांच्या मालाची तुलना केली. त्यांच्या मते गालिच्याचे सौंदर्य केवळ गाठींच्या संख्येवर अवलंबून नसते. रंगांची परस्पर संगती आणि नक्षी व जमीन यांचे प्रमाण या गोष्टी त्यांना अधिक महत्त्वाच्या वाटत. दक्षिणेतील जाड विणीच्या गालिच्यांना त्यांनी मोठे स्थान दिले ते याच कारणाने.

मच्छलीपट्टणमचे उदाहरण त्यांनी ठळकपणे मांडले. युरोपीय व्यापाऱ्यांनी स्वस्त मालाची मागणी केली, नक्षीचे नमुने स्वतः ठरवून दिले आणि ठरावीक मुदतीत माल हवा असा आग्रह धरला. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नक्षी व रंगांची जाण नाहीशी होत गेली, असे त्यांचे निदान होते.

कृत्रिम रंग हे त्यांना दिसलेले दुसरे कारण होते. मंजिष्ठाच्या मुळांचा तांबडा, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा आणि लाखेचा किरमिजी हे जुने रंग वर्षानुवर्षे सौम्य होत जातात, पण परस्परांशी विसंगत होत नाहीत. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी पहिला ॲनिलिन रंग शोधल्यानंतर असे रंग आशियाच्या बाजारात आले. ते स्वस्त व भडक होते. त्यांतील अनेक रंग उन्हाने विटत किंवा पाण्याने फुटत. बर्डवुड यांनी त्यांच्या वापराला कडाडून विरोध केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणच्या शासनानेही या रंगांवर निर्बंध घातले, कारण त्यांमुळे पर्शियन गालिच्यांची परदेशातील पत घसरू लागली होती.

=== तुरुंगातील गालिचे ===

बर्डवुड यांची सर्वांत तीव्र टीका तुरुंगांतील उत्पादनावर होती. लाहोर, आग्रा आदी ठिकाणच्या तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. पुण्याजवळ १८७१ मध्ये सुरू झालेल्या येरवडा तुरुंगातही हा उद्योग वाढला. तुरुंगाला जागा, माग आणि देखरेख यांचा खर्च सरकारकडून मिळे आणि कैद्याला कारागिराची मजुरी द्यावी लागत नसे. असा माल बाजारात आल्यावर घरच्या मागावर काम करणाऱ्या विणकराला किमतीत टिकाव धरणे अशक्य झाले. भाव उतरवण्यासाठी त्यालाही लोकर हलकी वापरावी लागली व वीण विरळ करावी लागली. वडिलांकडून मुलाकडे जाणारे कौशल्य एका पिढीचा खंड पडला तरी नष्ट होते आणि मुदतीची शिक्षा भोगणारा कैदी त्याची जागा घेऊ शकत नाही, असा बर्डवुड यांचा युक्तिवाद होता. जे सरकार प्रदर्शनांतून भारतीय कलेचा गौरव करते, तेच तुरुंगांतून तिचा पाया खणते, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. ते स्वतः त्याच सरकारच्या व्यापारविषयक खात्यात नोकरीस असल्याने या टीकेला विशेष वजन आले.

तुरुंगातील कामाचे समर्थन करणारेही होते. काही तुरुंगांत उत्तम जुने गालिचे नमुना म्हणून समोर ठेवले जात. येरवड्यात विजापूरच्या आसार महालातील गालिच्यांच्या नकला विणल्या गेल्या. एरवी विस्मृतीत गेली असती अशी नक्षी यामुळे टिकली, असे या समर्थकांचे म्हणणे होते. तुरुंगांतील गालिचे-उत्पादन विसाव्या शतकातही चालू राहिले.

=== गालिच्यांचे प्राचीनत्व ===

१८९१ मध्ये व्हिएन्ना येथे पौर्वात्य गालिच्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यानंतर तेथील व्यापार संग्रहालयाने १८९२ पासून भव्य आकाराचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत बर्डवुड यांनी गालिच्यांच्या प्राचीनत्वावर दीर्घ प्रबंध लिहिला. इजिप्त, ॲसिरिया व बॅबिलोन येथील शिल्पे आणि ग्रीक व रोमन लेखकांचे उल्लेख यांच्या आधारे त्यांनी ही कला अखंड परंपरेने चालत आल्याचे प्रतिपादन केले. जीवनवृक्ष, कमळ, काठावरील वेल अशा आकृत्या मुळात धार्मिक प्रतीके होती, असे त्यांचे मत होते.

गाठीच्या गालिच्याचा फार जुना नमुना त्या काळी उपलब्ध नव्हता. १९४९ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांना सैबेरियातील अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथे बर्फात गोठलेल्या दफनात एक गालिचा सापडला. तो इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांदरम्यानचा मानला जातो. सुमारे दोन मीटर लांबी-रुंदीच्या या गालिच्यावर घोडेस्वार व हरणे यांच्या रांगा आहेत. कलेच्या प्राचीनत्वाविषयी बर्डवुड यांचे अनुमान या शोधाने बळकट झाले. त्यांनी लावलेले अनेक प्रतीकार्थ मात्र नंतरच्या अभ्यासकांनी स्वीकारलेले नाहीत.

== ललित कलेविषयीचा वाद ==

'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया'मध्येच बर्डवुड यांनी भारतात शिल्प व चित्र या ललित कला युरोपीय अर्थाने अस्तित्वात नाहीत, असे मत मांडले होते. १३ जानेवारी १९१० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये कोलकाता कलाशाळेचे माजी प्राचार्य ई. बी. हॅवेल यांनी भारतातील कला-प्रशासनावर निबंध वाचला. अध्यक्षस्थानी असलेल्या बर्डवुड यांनी समारोपात आपले जुने मत पुन्हा मांडले. तेथे ठेवलेल्या जावातील ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या छायाचित्राकडे निर्देश करून त्यांनी मूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. तिच्यातील आध्यात्मिक भाव त्यांना मान्य नव्हता.

या उद्‌गारांवर तीव्र प्रतिक्रिया उमटली. विल्यम रोथेनस्टाइन यांच्यासह १३ कलावंत व समीक्षकांनी 'द टाइम्स' या वृत्तपत्रात पत्र लिहून बुद्धमूर्ती ही जगातील श्रेष्ठ कलाप्रेरणांपैकी एक असल्याचे जाहीर केले. हॅवेल, रोथेनस्टाइन, आनंद कुमारस्वामी आदींनी त्याच वर्षी इंडिया सोसायटीची स्थापना केली. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'गीतांजली'ची इंग्रजी आवृत्ती १९१२ मध्ये प्रथम याच संस्थेने प्रकाशित केली.

== इतर सार्वजनिक कार्य ==

दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल येथे भारतीयांना नोंदणीची सक्ती करणारा वटहुकूम निघाला. त्याविरोधात मोहनदास गांधी व हाजी वजीर अली १९०६ मध्ये लंडनला गेले. ८ नोव्हेंबर रोजी वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांना भेटलेल्या शिष्टमंडळात दादाभाई नौरोजी, सर हेन्री कॉटन, सर मंचेरजी भावनगरी यांच्यासमवेत बर्डवुड यांचाही समावेश होता. ब्रिटिश पंतप्रधान बेंजामिन डिझरायली यांच्या स्मृतिदिनी प्रिमरोझची फुले लावण्याची प्रथा सुरू होण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

== सन्मान आणि मृत्यू ==

बर्डवुड यांना १८८१ मध्ये 'सर' हा किताब आणि १८८७ मध्ये के.सी.आय.ई. हा सन्मान मिळाला. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. फ्रान्स सरकारनेही त्यांचा गौरव केला. 'स्व' हा त्यांचा लेखसंग्रह १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ जून १९१७ रोजी लंडनजवळील ईलिंग येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

== मूल्यमापन ==

हस्तकलेच्या ऱ्हासामागे कारागिराची अकुशलता नसून बाजार, रंग व सरकारी धोरण असते, हे बर्डवुड यांनी उदाहरणांनिशी दाखवले. आनंद कुमारस्वामी यांनी 'द इंडियन क्राफ्ट्समन' (१९०९) या ग्रंथात त्यांच्या लेखनाचा आधार घेतला. पुढील वर्षीच्या वादात हेच कुमारस्वामी विरुद्ध बाजूला उभे राहिले. बर्डवुड यांना भारतीय कारागीर परंपरेने बांधलेला, अनाम आणि खेड्यात रुजलेला दिसला. या दृष्टीमुळे ते विणकराची बाजू घेऊ शकले, परंतु त्याच दृष्टीमुळे स्वतंत्र कल्पनेने निर्मिती करणारा भारतीय शिल्पी किंवा चित्रकार त्यांना दिसू शकला नाही, अशी टीका नंतरच्या कला-इतिहासकारांनी केली आहे.

गालिच्यांच्या बाबतीतही ही मांडणी पूर्णपणे लागू होत नाही. साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८९३ मध्ये विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीनंतर २,००० पौंडांना घेतलेल्या प्रसिद्ध अर्दबील गालिच्यावर मकसूद काशानी हे नाव व हिजरी सन ९४६ (इ.स. १५३९-४०) विणलेले आहे. सुमारे साडेदहा मीटर लांबीचा हा गालिचा खेड्यातील घरगुती मागावरचा नसून दरबारी आश्रयाखालील कल्पक व विणकर यांच्या संयुक्त कामाचा नमुना आहे.

बर्डवुड यांनी ज्या संग्रहालयाची घडी बसवली, त्याचा उद्देश मुख्यतः इलाख्यातील माल व्यापाऱ्यांना आणि राज्यकर्त्यांना परिचित करून देण्याचा होता. त्यांच्या निधनानंतर दोन दशकांनी, १९३८ मध्ये, गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे मगन संग्रहालय उघडले. त्याचा रोख ग्रामोद्योगातील कारागिराची साधने व उत्पन्न सुधारण्यावर होता. कारागिराचे कौशल्य त्याच्या उपजीविकेशिवाय टिकत नाही, हा तुरुंगातील गालिच्यांच्या निमित्ताने बर्डवुड यांनी मांडलेला मुद्दा या दुसऱ्या प्रकारच्या संग्रहालयाच्या मुळाशीही होता.

== प्रमुख ग्रंथ ==

* मुंबई इलाख्यातील आर्थिक उत्पादनांची सूची (१८६२)
* बॉस्वेलिया प्रजातीवरील निबंध (१८७०)
* पॅरिस प्रदर्शनातील ब्रिटिश भारतीय विभागाची मार्गदर्शिका (१८७८)
* द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया (१८८०)
* इंडिया ऑफिसमधील जुन्या कागदपत्रांवरील अहवाल (१८९१)
* ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले पत्रपुस्तक, विल्यम फॉस्टर यांच्यासह संपादन (१८९३)
* स्व (१९१५)